मूळ गाणं कुठलं?

परवा आमच्या रत्नागिरीत एका नाट्यगीत स्पर्धेला गेलो होतो. (संस्थेचं नाव सांगत नाही. गाव लहान, सगळेच ओळखीचे.) नववी-दहावीतली एक मुलगी 'घेई छंद मकरंद' म्हणाली. आवाज कोवळा, पण सुरेल. वसंतराव देशपांड्यांची ती सगळ्यांना पाठ असलेली तान तिने घेतलीच नाही. त्या जागी मुखडाच दोनदा निरनिराळ्या अंगाने फिरवला आणि अलगद समेवर आली. माझ्या तोंडून "वा!" गेलं. शेजारच्या गृहस्थांनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी देवळात चपला घालून शिरलोय.

नंतर परीक्षक उठले आणि म्हणाले, मूळ गाणं कानात असताना हे ऐकणं जड जातं. पहिला नंबर ज्या मुलाला मिळाला, त्याने रेकॉर्डमधला श्वाससुद्धा जागच्या जागी घेतला होता. गुणपत्रिकेत 'मूळ गायनाशी साम्य' असा रकानाच होता म्हणे, १०० पैकी २० गुणांचा!

घरी आलो, पण डोकं शांत होईना. मूळ गाणं म्हणजे नक्की कुठलं हो?

'कट्यार काळजात घुसली'चा पहिला प्रयोग २४ डिसेंबर १९६७ चा. नाटक आणि पदं पुरुषोत्तम दारव्हेकरांची, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्या नाटकातच 'घेई छंद' दोन तऱ्हांनी येतं. एक पंडितजींच्या घराण्याचं, सालगवराळी रागातलं, संथ. ते प्रसाद सावकारांच्या आवाजात आपण ऐकलंय. दुसरं खाँसाहेबांचं, धानीतलं, आक्रमक, वसंतरावांचं. शब्द तेच. म्हणजे ज्याला आपण मूळ गाणं म्हणतो ते जन्मालाच आलं दोन रूपांत. तेच शब्द दुसऱ्या गळ्यात गेले की त्यांचा स्वभाव बदलतो, हे अभिषेकीबुवांनी रंगमंचावर उभं करून दाखवलं. आणि आम्ही त्याच गाण्याच्या एका रेकॉर्डची मूर्ती करून तिला शेंदूर फासत बसलो.

तरुणपणी मुंबईला मामांकडे गेलो असताना 'कट्यार' मी दोनदा पाहिलं. दोन्ही वेळा वसंतराव होते आणि दोन्ही वेळा 'घेई छंद' वेगळं होतं. दुसऱ्या वेळी वन्स मोअरला ते अशा कुठल्या तरी वाटेने गेले, की तबलजीसुद्धा हसायला लागला. पाठ केलेली तान शोधत मी तिथे बसलो असतो, तर मलाही ते ऐकणं जडच गेलं असतं.

आणि वसंतराव तरी कुणाची नक्कल करत होते? नागपूरला शंकरराव सप्रे, लाहोरला असद अली खाँ, पुढे सुरेशबाबू माने... जिथे मिळेल तिथे ते शिकले. दीनानाथांवर जीव ओवाळून टाकणारा हा माणूस. पण दीनानाथांची पदं गाताना तो वसंतरावच राहिला. कुमार गंधर्वांचंही तसंच. लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी हुबेहूब म्हणून दाखवणारं ते पोर. मोठेपणी बालगंधर्वांची पदं गायला बसले तेव्हा नाव दिलं, 'मला उमजलेले बालगंधर्व'. त्यावरही पुष्कळांनी नाकं मुरडली. त्या नावातला 'मला' हा शब्द आमच्या परीक्षकांनी एकदा सावकाश वाचावा.

माझा पुण्याचा नातू रॉक ऐकतो. (मला त्यातलं फारसं कळत नाही, कबूल करतो.) त्याने मला एकाच गाण्याची दोन रूपं ऐकवली, 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'. बॉब डिलनची रेकॉर्ड आली डिसेंबर १९६७ च्या अखेरीस, 'कट्यार' रंगमंचावर आलं त्याच आठवड्यात! साधी गिटार, तोंडाचा बाजा, सांगितल्यासारखं गाणं. पुढच्याच वर्षी जिमी हेंड्रिक्सने ते घेतलं आणि विजेच्या गिटारीवर त्याचं वादळ केलं. आणि डिलनने काय करावं? रागावला नाही. पुढे तो स्वतःच ते गाणं हेंड्रिक्सच्या अंगाने गाऊ लागला. आमच्या स्पर्धेत हेंड्रिक्स आला असता तर साम्याच्या रकान्यात भोपळा घेऊन परत गेला असता.

आता २०१५ च्या चित्रपटाबद्दल. तो आला तेव्हा माझ्या वयाच्या मंडळींनी 'वाट लावली' म्हणून ओरड केली. माझी तक्रार नेमकी उलटी आहे. शंकर-एहसान-लॉय यांनी नवी गाणी केली तिथे चित्रपट मोकळा श्वास घेतो. महेश काळ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तोही 'अरुणि किरणी' या नव्या गाण्यासाठी. जुन्या पदांशी मात्र सगळे फार जपून वागलेत, काचेची बरणी उचलावी तसे. राहुल देशपांडे मैफिलीत आजोबांचंच पद किती निराळ्या वाटेने नेतात! पडद्यावर तेवढी उसंत मिळत नाही. माझ्याही डोळ्यांत थिएटरात पाणी आलं, पण ते आठवणीचं होतं. गाण्याचं नव्हे.

असो. परीक्षकांवर इतकं तोंडसुख घेतलं, तर आता स्वतःचंही सांगतो.

३०-३५ वर्षांपूर्वी शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मीच गाणी निवडत होतो. सातवीतला एक मुलगा नाट्यपद म्हणाला, चाल थोडी स्वतःची लावून. मी त्याला सर्वांसमोर सांगितलं, "आधी रेकॉर्ड नीट ऐकून ये, मग शहाणपणा कर." तो आला नाही. त्या वर्षी नाही, पुढेही कधी नाही. आज त्याचं हार्डवेअरचं दुकान आहे. मी गेलो की "या सर" म्हणतो, खुर्ची देतो. गाण्याचा विषय त्याने कधी काढला नाही आणि माझी छाती झालेली नाही.

स्पर्धेच्या संस्थेला पत्र लिहिलंय, तो २० गुणांचा रकाना काढून टाका म्हणून. त्या मुलीच्या आईला गाठून रेकॉर्डिंगही मागितलंय. "अहो सर, तिला बक्षीस कुठे मिळालं?" म्हणाल्या. तरी पाठवा म्हटलं, मला ती मुखड्याची जागा पुन्हा ऐकायचीय.