बहुमत जन्माने ठरतं तेव्हा

परवा आमच्या वर्गात वाद रंगला. विषय सरांनीच दिला होता : इंग्लंडात वाढलेली लोकशाही दुसऱ्या संस्कृतीच्या देशाला मानवते का? अर्धा वर्ग म्हणाला, आपल्याकडे जात, धर्म, भाषा एवढं सगळं असताना साहेबाची पद्धत इथे चालायचीच नाही. बाकीचे म्हणाले, चालली की इतकी वर्षं! मी उठून सीमाभागातल्या मराठी कागदपत्रांचा मुद्दा काढला. तेव्हा मागच्या बाकावरचा माझा कन्नड मित्र हसत म्हणाला, "अरे, तुला एक मत, मला एक मत. मोजली, तुमची कमी भरली. झाली की लोकशाही!"

तो काही वाईट मनाने बोलला नाही. रोज एका डब्यात जेवतो आम्ही. पण मला तिथे उत्तर सुचलं नाही, आणि घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. आज जे सुचलंय ते लिहितो.

इंग्लंडात मतमोजणीचा निकाल हरलेला माणूस मुकाट्याने का मानतो? कारण त्याला पुढच्या वेळी जिंकायची आशा असते. १९४५ मध्ये चर्चिल हरले, १९५१ मध्ये परत पंतप्रधान झाले. मधल्या काळात काही लोकांचं मन बदललं, एवढंच. ती सगळी पद्धत या एका गोष्टीवर उभी आहे : आजचा अल्पमतवाला उद्या बहुमतात येऊ शकतो.

पण बहुमत मनावर न ठरता जन्मावर ठरलं तर? बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये मुंबईतल्या भाषणात नेमका हाच फरक सांगितला होता. राजकीय बहुमत घडतं, मोडतं, पुन्हा घडतं. जमातीचं बहुमत मात्र जन्मतःच ठरलेलं आणि कायमचं. पहिल्यात कुणीही जाऊ शकतो, दुसऱ्याचं दार बंद. दोन्हींना आपण 'बहुमत' हा एकच शब्द वापरतो आणि तिथेच फसतो.

१९५६ हे साल आपल्या घराघरात पाठ आहे. १ नोव्हेंबरला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. त्याच वर्षाच्या मध्यात शेजारच्या सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, एक कायदा झाला : सिंहली हीच एकमेव राजभाषा. बंदरनायके त्याच आश्वासनावर निवडून आले होते. मतदान रीतसर, मोजणी रीतसर, संसदेतलं बहुमतही रीतसर.

तिथल्या लोकांना लोकशाहीची सवयच नव्हती, असंही म्हणता येत नाही. सिलोनला सगळ्या प्रौढ स्त्री-पुरुषांचा मताधिकार १९३१ मध्येच मिळाला होता, आपल्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वीस वर्षं आधी. १९५६ नंतरही तिथे मतपेटीतून सरकारं पडली, नवी आली. इंग्लंडची पद्धत तिथे चांगली रुजली होती. पण दोन मोठे सिंहली पक्ष एकमेकांशी भांडायचे ते सिंहलींचा खरा कैवारी कोण यावरून. सरकार बदलायचं, तमिळ माणसाच्या वाट्याला फारसं काही बदलायचं नाही. १९५७ मध्ये बंदरनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांच्यात समझोता झाला, तोही भिक्षूंच्या दबावाखाली पुढच्याच वर्षी मोडला.

राज्यघटनेत संरक्षण नव्हतं का? होतं. कोणत्याही एका जमातीवर अन्याय करणारा कायदा संसदेला करता येणार नाही, असं २९ वं कलम होतं. सिंहलीची परीक्षा पास न झाल्यामुळे पगारवाढ अडलेला एक तमिळ सरकारी कर्मचारी त्याच कलमाच्या आधारावर कोर्टात गेला. खालच्या कोर्टात जिंकला. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं, पण भाषेच्या मूळ प्रश्नाचा निकाल काही लागला नाही. १९७२ मध्ये नवी घटना आली, त्यात ते कलमच राहिलं नाही. तमिळलाही राजभाषा म्हणून मान्यता मिळाली ती १९८७ च्या तेराव्या दुरुस्तीत. तोवर युद्ध पेटून चार वर्षं झाली होती, आणि ते थांबायला २००९ उजाडलं. (एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो, बंदुकीच्या वाटेने तमिळांचंही भलं झालं नाही. उदाहरण दिलं म्हणजे ती वाट दाखवली असं कुणी समजू नये.)

आता कुणी म्हणेल, बघा, आशियाई संस्कृतीला ही पद्धत झेपत नाही. मग उत्तर आयर्लंडकडे बघा. तो तर युनायटेड किंगडमचाच भाग. १९२१ ते १९७२ तिथे स्वतंत्र संसद होती आणि सगळा काळ एकाच पक्षाची सत्ता, प्रोटेस्टंट युनियनिस्टांची. डेरी शहरात कॅथलिक जास्त, पण वॉर्ड असे आखलेले की पालिका युनियनिस्टांच्याच हातात. १९६८ मध्ये नागरी हक्कांचे मोर्चे निघाले, पुढे तीस वर्षं रक्त सांडलं. म्हणजे साहेबाची पद्धत साहेबाच्या घरातही, जिथे बहुमत जन्माने ठरत होतं तिथे, अशीच बिघडली. दोष आशियाचा नाही, संस्कृतीचाही नाही. सगळं काही निव्वळ मोजणीवर सोपवण्याचा दोष आहे.

आणि यावर उपाय निघतो, हेही तिथेच दिसलं. १० एप्रिल १९९८ च्या करारानंतर तिथे फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर अशी जोडी असते, दोघांचे अधिकार सारखे. महत्त्वाच्या काही निर्णयांना दोन्ही समाजांच्या प्रतिनिधींचा पाठिंबा लागतो. याची किंमतही आहे. एक बाजू रुसली की विधानसभा वर्षं-वर्षं बंद पडते, २०१७ मध्ये पडली, २०२२ मध्ये पुन्हा पडली. तरी लोक ती किंमत मोजतात, कारण आधीची किंमत त्यांनी पाहिलीय.

आता आपल्याकडे या. आपल्या घटनाकारांनी इंग्लंडची नक्कल केली हे अर्धसत्य आहे. त्यांनी कलम २९ आणि ३० घातलं. राज्य पुनर्रचनेच्या वेळी, १९५६ मध्येच, सातव्या दुरुस्तीने ३५० क आणि ३५० ख आलं (इंग्रजी प्रतीत ए आणि बी) : प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्यांनी प्रयत्न करावा, आणि भाषिक अल्पसंख्याकांसाठी राष्ट्रपतींनी एक विशेष अधिकारी नेमावा. जिथे १५ टक्के किंवा जास्त लोक अल्पसंख्य भाषेचे, तिथे महत्त्वाच्या सूचना आणि नियम त्या भाषेतही द्यावेत, हेही ठरलं. म्हणजे भाषावार राज्यं केली की प्रत्येक राज्यात नवे अल्पसंख्याक तयार होणार, हे त्यांना ठाऊक होतं.

मग अडतं कुठे? 'प्रयत्न करावा' या शब्दात अडतं. तो विशेष अधिकारी चौकशी करतो, अहवाल देतो, अहवाल संसदेपुढे जातो. पण राज्याला आदेश देणं त्याच्या हातात नाही. अंमलबजावणी करणार राज्य सरकार, आणि ते उभं २२४ जागांच्या सभागृहातल्या बहुमतावर. आपण सगळ्यांनी एकगठ्ठा मतं दिली तरी आपले आमदार बोटांवर मोजण्याइतके. माझी आजी मराठी चांगलं वाचते, पण घराच्या उताऱ्यावर काय लिहिलंय हे तिला शेजारच्या पोराला विचारावं लागतं. पुढच्या निवडणुकीत कोण जिंकलं तर तिचा हा प्रश्न सुटेल? कुणीही नाही. जो प्रश्न कोणत्याही निवडणुकीत सुटू शकत नाही, तो निवडणुकीच्या हाती सोपवायचाच कशाला?

थोडं आपल्याला टोचणारंही बोलू या. जत आणि अक्कलकोटमधल्या कन्नड माणसाला हेच लागू आहे. बेळगावात महापालिका आपल्या हातात असताना, उर्दू बोलणाऱ्या शेजाऱ्याला त्याच्या भाषेत अर्ज मिळतो का, हे आपल्यातल्या किती जणांनी विचारलं? मी तरी ऐकलेलं नाही. २००४ पासून सुप्रीम कोर्टात असलेल्या दाव्याचा निकाल उद्या आपल्या बाजूने लागला, तर त्या दिवशी या भागातला कन्नड माणूस अल्पसंख्य होईल. तेव्हा त्याच्या आजीला कन्नड कागद द्यायला आपण तयार आहोत का? 'हो' म्हणत असू तरच आपली मागणी हक्काची. नाहीतर आपणही फक्त मोजणी जिंकायच्या रांगेत उभे आहोत.

महाराष्ट्राची मागणी सोडा, असं मी म्हणत नाही. पण निकालाची वाट बघत हातावर हात ठेवून बसायचं कारण नाही. १५ टक्क्यांचा नियम तोंडपाठ करा. अर्ज मराठीत द्या, पोच घ्या, नाकारला तर लेखी कारण मागा, आणि त्याची प्रत त्या विशेष अधिकाऱ्याच्या कार्यालयाला पाठवा. त्याला आदेश देता येत नाही हे खरं, पण संसदेपुढे जाणाऱ्या कागदात आपली नोंद तरी राहते.

आणि माझ्या मित्राला उद्या डबा खाताना सांगणार आहे : सरकार कुणाचं, हे मोजून ठरव, मला मान्य आहे. पण माझ्या आजीने कोणत्या भाषेत वाचायचं, हे मोजायची गोष्ट नाही बघ. तुझ्या आजीचंही नाही.