निवृत्तीचा तास : सोळा पायऱ्या, एक सम

गेल्या वर्षी या सदरात तंबोऱ्याच्या जवारीबद्दल लिहिलं होतं. यंदाचा विषय नातवाच्या खोलीतून आला आहे.

सौ. गेल्यावर मी बहारीनला मुलीकडे राहायला आलो. नातू सोळा वर्षांचा. "अभ्यास कसा चाललाय?" "बरा." आमचं बोलणं तिथेच संपायचं. त्याची खोली म्हणजे स्टुडिओ: दोन सिंथेसायझर, वायरींचं जंजाळ आणि कंपासपेटीएवढा एक स्टेप सिक्वेन्सर, कॉर्गचा एसक्यू-१. त्यावर आठ-आठ नॉबच्या दोन ओळी. एक नॉब म्हणजे एक पायरी. तो फिरवला की त्या पायरीचं व्होल्टेज बदलतं आणि सिंथेसायझरचा स्वर चढतो-उतरतो. एक व्होल्ट म्हणजे एक सप्तक. दिवा एकेक पायरी पुढे सरकतो, सोळा झाल्या की पुन्हा पहिली.

"अरे, हा तर त्रिताल!" मी म्हणालो.

"नाही आजोबा, लूप आहे. कुठूनही सुरू होतो."

ते 'कुठूनही' मला झोंबलं. सम नसेल तर सोळा ही नुसती संख्या. पण पोराचं चूक नव्हतं. यंत्राला सगळ्या पायऱ्या सारख्याच. मग शुक्रवारी दोघं बसलो. सगळ्या पायऱ्यांवर डग्ग्यासारखा घुमणारा खर्ज लावला आणि दहा ते तेरा या चार पायऱ्या बटन दाबून मुक्या केल्या. त्रितालाच्या ठेक्यात 'तिं तिं ता ता' येतं तिथे डग्गा असाच गप्प होतो. दिवा मात्र त्या शांततेतूनही चालत राहतो.

"आता डोळे मीट आणि समेवर टाळी दे."

त्याने डग्गा परतला तिथे, म्हणजे चौदाव्या मात्रेवर दिली. सगळे नवशिके तिथेच फसतात. मीही फसलो होतो. परतलेला डग्गा समेची वर्दी देतो, सम त्यानंतर तीन मात्रांनी. सहाव्या-सातव्या आवर्तनाला टाळी बरोबर पडली. मुलगी स्वयंपाकघरातून डोकावून गेली.

मग त्याने मला चरणजीत सिंगांची तबकडी ऐकवली. हिंदी चित्रपटसंगीतातले हे मुंबईचे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या पायऱ्यांच्याच यंत्रांवर भैरवी, यमन असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यात बसवले. तेव्हा फार कोणी विचारलं नाही. शिकागोहून त्याच ३०३चं अॅसिड हाउस गाजू लागलं ते १९८७ च्या सुमारास. ही तबकडी पुन्हा निघाली २०१० मध्ये. १९८२ साली मी पुण्यात शिकवत होतो, नावही कानावर आलं नव्हतं. ठेका मला आजही पसंत नाही. पण ३०३ एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरतं, तेव्हा मींडेची आठवण होते, हे कबूल.

आता आम्ही यमनचा गंधार लावतोय. बारा समान भागांतला गंधार ४०० सेंटवर, तंबोऱ्यातून ऐकू येतो तो ३८६ वर. म्हणून स्वर आपोआप जागेवर बसवण्याची सोय बंद केली आहे आणि नॉब कानाने फिरवतो.

पुढच्या शुक्रवारी नऊ पायऱ्या वगळून सात मात्रांचा रूपक. त्यात समेवरच खाली असते, हे त्याला अजून सांगितलेलं नाही.