राखीव खेळाडूचे मोल

शाळेचा संघ हरला की एक वाक्य हमखास कानी पडते : 'अमका गडी संघात असता, तर आपण जिंकलो असतो!' आमच्या मते या 'तर'ची पारख आकड्यांनीच करावी. भोपाळच्या एका पितापुत्रांच्या चरित्रांत तिचे दोन उत्तम दाखले सापडतात.

पिता अहमद शेर खान १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमधील भारतीय हॉकी संघात होते. सरावाच्या सामन्यात जर्मनीने ४-१ असे हरविताच मायदेशी तार करून दारा यांना बोलावण्यात आले. ते विमानाने येऊन उपांत्य सामन्यात उतरले. भारताने फ्रान्सला १०-० आणि अंतिम सामन्यात जर्मनीला ८-१ असे हरविले. दारांचे गोल वजा केले, तरी विजय ढळत नाही!

पुत्र अस्लम शेर खान यांची गोष्ट निराळी. १९७५ च्या विश्वचषकात, क्वालालंपूर येथे मलेशियाविरुद्धच्या उपांत्य सामन्यात भारत १-२ असा मागे होता. थोडीच मिनिटे उरली असता मायकेल किंडो यांच्या जागी राखीव अस्लम उतरले आणि पेनल्टी कॉर्नरवर त्यांनी बरोबरी साधली. जादा वेळेत हरचरण सिंग यांनी विजयी गोल केला. अंतिम सामन्यात पाकिस्तानवरही २-१ अशी मात झाली. येथे राखीव गडी नसता, तर चषक बहुधा हुकलाच असता.

तेव्हा न मिळालेल्या गड्याविषयी हळहळण्यापूर्वी हार किती गोलांनी झाली, ते पाहावे. आणि विद्यार्थिमित्रहो, राखीवांत नाव लागले म्हणून खट्टू होऊन सराव सोडू नका. संघाला तुमची गरज कदाचित अखेरच्या पाच मिनिटांतच पडेल. त्या वेळी हात तयार हवा.