प्रोग्रॅम शिका, प्रत जवळ ठेवा

संगणकाचा प्रोग्रॅम लिहायचा तर महागडा संगणक हवाच, असे तुम्हांला वाटते का? मला तसे वाटत नाही.

कोल्हापूरच्या दसरा चौकात मुस्लिम बोर्डिंग आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी ही सोय केली. शहरात शाळा आहे, पण खेड्यातल्या मुलाला राहायला जागा नाही. मग ती शाळा त्याच्या काय कामाची? महाराजांनी नेमकी हीच अडचण दूर केली.

प्रोग्रॅम शिकणाऱ्याचीही अशीच अडचण असे. त्यासाठी संगणकात निरनिराळी साधने भरावी लागत. जुन्या संगणकावर ती नीट चालत नसत. आता ब्राउझरमध्येच उघडणारे एडिटर आले आहेत. 'कोडपेन' २०१२ साली सुरू झाले. मायक्रोसॉफ्टचा 'व्हीएस कोड' ऑक्टोबर २०२१ पासून ब्राउझरमध्ये उघडता येतो. कोडपेनमध्ये एका भागात आज्ञा लिहा, दुसऱ्या भागात तुमचे पान लगेच दिसते. चूक झाली तर तिथल्या तिथे सुधारा. त्या पानावर तुमचे नाव उर्दूत आणि मराठीत, दोन्ही लिपींत लिहिता येते. शाळेत अर्धे राहिलेले काम घरच्या संगणकावर पुरे करता येते. म्हणून प्रत्येक शाळेने मुलांना असा एडिटर वापरू द्यावा, असे माझे मत आहे.

कोणी म्हणेल, "इंटरनेट बंद पडले तर?" शंका रास्त आहे. शिवाय तुमचे काम दुसऱ्याच्या संगणकावर साठलेले असते. ती सेवाच बंद झाली तर? 'ग्लिच' या संकेतस्थळाने जुलै २०२५ मध्ये लोकांचे प्रकल्प चालवणे थांबवले.

पण घरी ठेवलेले तरी नेहमी सुरक्षित असते का? २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचे पाणी कितीतरी घरांत शिरले. पाणी वह्या-पुस्तके पाहत नाही, तसेच संगणकही पाहत नाही. दूर साठवलेले काम मात्र अशा पुरातून वाचते.

तेव्हा एक प्रत तिथे ठेवा आणि एक आपल्याजवळ. शाळेच्या संगणकावरून उठताना आपले खाते बंद करायला विसरू नका.

बोर्डिंगमध्ये कोणी कायमचे राहत नाही. विद्यार्थी तिथे शिकतो आणि आपली शिदोरी घेऊन बाहेर पडतो. तुम्हीही तसेच करा.