लोअर केलेल्या गाडीचे टायर आतून बघा

गाडी लोअर केली असेल, म्हणजे खाली बसवली असेल, तर या रविवारी एवढं कराच. सपाट जागी गाडी उभी करा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, इंजिन बंद करून हँडब्रेक ओढा आणि पुढच्या टायरची आतली कड टॉर्च लावून बघा. बाहेरून तोच टायर धडधाकट दिसतो, नक्षी चांगली खोल असते, आणि आत दोन बोटांच्या पट्टीत रबर पार गुळगुळीत झालेलं असतं. कधी कधी तिथे तारा डोकावत असतात. मागच्या टायरसाठी मोबाइल गाडीखाली धरून फोटो काढा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र डोकं घालू नका.

टायरच्या खाचांमध्ये रबराची छोटी आडवी पट्टी असते. तिची उंची १.६ मिलिमीटर. नक्षी झिजून त्या पट्टीच्या बरोबरीला आली की टायर संपला. ही तपासणी सगळ्यात आतल्या खाचेत करा, कारण लोअर केलेल्या गाडीचा टायर तिथेच आधी संपतो. तारा दिसत असतील तर घरापर्यंतसुद्धा त्यावर जाऊ नका, स्टेपनी चढवा. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. त्या वेगात, दुपारच्या उन्हात, काँक्रीटवर तापलेला अर्धवट खाल्लेला टायर फुटला तर गाडी सावरणं तुमच्या हातात राहत नाही, आणि मागच्या सीटवर तुमचीच माणसं असतात.

मला स्वतःला खाली बसवलेली गाडी आवडते. तुमचा शौक मोडायला मी हे लिहीत नाही. माझा राग आहे तो एका वाक्यावर. टायर आतून खातोय म्हटलं की गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं, "लोअर केलीय ना, मग टायर खाणारच." हे मानू नका. टायर खाण्याला कारण असतं आणि बहुतेक वेळा ते दुरुस्त होतं.

गाडी खाली आली की चाकाचा वरचा भाग आत कलतो. याला निगेटिव्ह कॅम्बर म्हणतात. तो डोळ्यांना दिसतो, म्हणून सगळं खापर त्याच्यावर फुटतं. पण टायरचा खरा काळ म्हणजे टो. चाकांची तोंडं समोर सरळ आहेत, आत वळलीत की बाहेर, ते म्हणजे टो. गाडी खाली बसली की लोअर आर्म आणि टाय रॉड वेगवेगळ्या कमानीत फिरतात, आणि स्टिअरिंगला कुणी हात न लावताही टो बदलतो. पाय फेंगडे टाकून चालणाऱ्याची चप्पल एकाच कडेला झिजते, तसंच हे. एका चाकाचा टो नुसता ०.२ अंश चुकला तरी ते चाक दर किलोमीटरला साधारण साडेतीन मीटर आडवं ओढलं जातं. पुण्याहून कोल्हापूरला पोहोचेपर्यंत हा हिशोब आठशे मीटरच्या आसपास जातो. उलट दीड अंश निगेटिव्ह कॅम्बर असूनही टो नेमका असेल, तर टायर बऱ्यापैकी दिवस निभावतो.

टो चुकलाय का, हे तळहातालाही कळतं. गाडी उभी असताना टायरच्या नक्षीवरून हात आडवा फिरवा, आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेला हात सहज सरकतो आणि उलट दिशेला नक्षीच्या कडा करवतीसारख्या बोचतात, असं असेल तर टो बिघडलेला आहे. नुसती आतली बाजू गुळगुळीत असेल आणि कडा बोचत नसतील, तर कॅम्बरचा संशय घ्या. दोन्ही कडा सारख्या झिजल्या असतील तर हवा कमी राहतेय. तारा बोचू शकतात, त्यामुळे हात हळू फिरवा.

आता अलाइनमेंटबद्दल, म्हणजे हे कोन मशीनवर जुळवून घेण्याबद्दल. नवी स्प्रिंग घातल्यावर गाडी काहीशे किलोमीटर चालू द्या, ती थोडी आणखी बसते. पण पहिल्याच दिवशी टो तेवढा ढोबळ जुळवून घ्या, नाहीतर त्या काहीशे किलोमीटरमध्येच टायर खराब होईल. मग नीट अलाइनमेंट करा. त्याआधी चाक हलवून टाय रॉड एंड, बॉल जॉइंट आणि बेअरिंग यांच्यात खेळ नाही ना, हे मिस्त्रीकडून बघून घ्या. बुश फाटलेले असतील तर मशीनवर जुळवलेले आकडे पहिल्या खड्ड्यातच हलतात. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. हवेत लटकलेल्या गाडीवर आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

अलाइनमेंटच्या रॅम्पवर चढताना पुढचा बंपर घासतो, म्हणून काही ठिकाणी लोअर केलेली गाडी घ्यायलाच नाही म्हणतात. फळ्या लावून चढवणारा शोधा. टायर थंड असताना हवा भरून घ्या. एरवी एकट्यानं गाडी चालवत असाल तर ड्रायव्हरच्या सीटवर तेवढं वजन ठेवायला सांगा. क्रम असा हवा: आधी मागची चाकं, मग पुढचा कॅम्बर, शेवटी पुढचा टो. कॅम्बर हलवला की टो हलतोच, म्हणून टो शेवटी. टो जुळवताना दोन्ही बाजूंचे टाय रॉड फिरवायला हवेत. एकच फिरवला तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग वाकडं राहतं. आणि आधीचा व नंतरचा, असे दोन्ही कागद मागून घ्या. "झालं साहेब, एकदम ओके" यावर पैसे देऊ नका. डावी-उजवीचे आकडे जवळजवळ सारखे आहेत का, ते तिथेच उभं राहून वाचा.

पुढचा कॅम्बर आवाक्यात येत नसेल तर बऱ्याच गाड्यांना कॅम्बर बोल्ट बसतो आणि एखाद्या अंशाची सोय होते. छोट्या हॅचबॅकना मागे बहुधा दोन्ही चाकांना जोडणारा एकच ॲक्सल (टॉर्शन बीम) असतो, त्याला सहसा जुळवणी नसते. लोअर केल्यानं त्याचे कोन फारसे बिघडतही नाहीत, त्यामुळे तिथे टायर खात असेल तर ॲक्सल वाकलाय का, ते तपासा.

टायर आतून झिजला म्हणून रिमवर उलटा करून घेण्याचा सल्ला मिळतो. टायरवर 'आउटसाइड' किंवा फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तसं करू नका. नसेल तरी आधी अलाइनमेंट करा, नाहीतर दुसरी कडही तशीच जाईल.

स्प्रिंग कटरनं कापून किंवा गॅसनं तापवून गाडी खाली घेतली असेल, तर अलाइनमेंटवर एक रुपयाही घालू नका. कंपनीच्या स्प्रिंगचं टोक आपल्या बैठकीत नीट बसेल असं घडवलेलं असतं. कापलेलं टोक तिथे तिरकं टेकतं, आणि गतिरोधकावरून उतरताना चाक खाली लटकलं की स्प्रिंग सैल होऊन जागा सोडू शकते. तापवलेल्या पोलादाचा ताण जातो, मग एक बाजू जास्त बसते. अशा गाडीचे आकडे आज जुळले तरी पुढच्या महिन्यात टिकत नाहीत. आधी तुमच्या मॉडेलसाठी बनवलेल्या स्प्रिंग घाला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत, तेव्हा आरटीओत आणि विमा कंपनीकडे आधी विचारून घ्या.

कंपनीच्या जुन्या स्प्रिंग भंगारात देऊ नका. सगळं करूनही टो आणि कॅम्बर आवाक्यात येत नसतील तर त्याच परत चढवा, पुन्हा एकदा अलाइनमेंट करा आणि नवे टायर त्यानंतरच घ्या.