विचारल्याने बिघडत नाही

आत्महत्येचा विषय मुलांसमोर काढला तर तो विचार त्यांच्या डोक्यात भरतो, ही समजूत पालकांमध्ये खोल रुजली आहे. बारावीचा मुलगा महिनाभर ताटावरून अर्धपोटी उठतो, क्रिकेटला जात नाही, पहाटेपर्यंत जागा असतो. घरात हे सर्वांना दिसते, पण विचारत कोणीच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राचा आकडा सर्वांत मोठा होता. न बोलण्याने मुले सुरक्षित राहतात असे मानायला ही नोंद फारसा आधार देत नाही.

या समजुतीची थेट परीक्षाही झाली आहे. मॅडेलिन गूल्ड आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातील सहा शाळांमधील २,३४२ विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाच्या प्रश्नावलीत आत्महत्येविषयी प्रश्न होते, दुसऱ्याच्या नव्हते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, प्रश्न विचारलेल्या गटात ना अस्वस्थता वाढली, ना तसे विचार. आधीच नैराश्यात असलेल्या मुलांचा त्रास तर प्रश्न न विचारलेल्या तशाच मुलांपेक्षा कमी आढळला.

दुसरा आक्षेप अधिक घरगुती: ‘वयाचं असतं, निवळेल आपोआप.’ यात तथ्य नाही असे नाही. निकाल मनासारखा लागला नाही म्हणून चार दिवस रडणे हा आजार नव्हे, आणि प्रत्येक उदासीला औषध शोधणारे पालकही मुलाचे भले करत नाहीत. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज टिकणारी उदासी, तुटलेली झोप, आवडत्या गोष्टींतून उडालेले मन ही वेगळी बाब आहे. किशोरवयात नैराश्य अनेकदा रडण्यातून नव्हे, चिडचिडीतून दिसते. घरात त्यालाच ‘उद्धटपणा’ म्हणतात आणि शिक्षा होते. संशोधक केसलर यांच्या अमेरिकी पाहणीत, आयुष्यात कधी ना कधी मानसिक आजार होणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आजाराची सुरुवात चौदाव्या वर्षापर्यंत झालेली दिसली. ‘निवळेल’ म्हणत थांबण्याची किंमत त्यामुळे मोठी ठरू शकते.

मुलाचा फोन चोरून वाचणे हा पर्याय काहींना सोयीचा वाटतो. त्यातून माहिती मिळेलही, पण एकदा पकडले गेले की मूल बोलणे थांबवते, आणि मुख्य आधार बोलण्याचाच असतो.

म्हणून विचारावे, आणि आडवळणाने नव्हे. ‘जगणं नको असं वाटतं का? जीव द्यावा असं मनात येतं का?’ असा साधा प्रश्न पुरे. उत्तर होकारार्थी आले तर ‘तुझ्यासाठी आम्ही काय कमी केलं?’ हे वाक्य गिळावे. त्याने मुलाच्या दुःखात अपराधाची भर पडते. ऐकून घ्यावे, त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी मदत शोधावी.

बोलण्याइतकेच महत्त्व घर सुरक्षित करण्याला आहे, आणि याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. जीव देण्याची तीव्र ऊर्मी बहुधा थोड्या काळाची असते. त्या वेळात साधन हाताशी नसेल तर अनेक जीव वाचतात. श्रीलंकेने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि पुढच्या दशकात तेथील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकरी घराला यातून घेण्यासारखे सरळ आहे: फवारणीची औषधे कुलपात, किल्ली मोठ्यांकडे. घरातल्या गोळ्यांनाही हाच नियम.

मदत घेताना पोलीस केसची आणि उद्या सोयरीक जुळताना होणाऱ्या चौकशीची भीती आडवी येते. पहिली भीती आता निराधार आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर खटला भरला जात नाही. सरकारी ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येते. दुसरी भीती कायद्याने जात नाही. ती बाजूला ठेवण्याचे काम आईवडिलांचेच.

उपचार सुरू झाल्यावरही पालकांची एक घाई नडते. नैराश्यावरील औषधांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. त्याआधीच ‘गुण नाही’ म्हणून किंवा मूल हसू लागताच ‘आता गरज नाही’ म्हणून गोळ्या थांबवल्या जातात. सुरुवातीच्या आठवड्यांत तर अस्वस्थता वाढत नाही ना यावर बारीक लक्ष हवे, आणि औषध बंद करायचे झाल्यास ते डॉक्टरांच्या सल्ल्याने, हळूहळू कमी करत.