फोर्ब्सची गढी आणि वसमतची हळद

स्कॉटलंडच्या स्ट्रॅथडॉन खोऱ्यातला जॉन फोर्ब्स तरुणपणी मुंबईत आला आणि १७६७ मध्ये त्याने तिथे कापसाच्या व्यापाराची पेढी काढली. गावाकडे लोक त्याला ‘बॉम्बे जॉक’ म्हणत. मुंबईतल्या कमाईचा मोठा भाग त्याने गावाकडच्या जमिनीत घातला. त्याचा वारस चार्ल्स फोर्ब्स, ज्याचा पुतळा मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये आहे, त्याने १८३१ च्या सुमारास स्ट्रॅथडॉनमध्ये भलीमोठी गढी बांधली. ती १९२७ मध्ये पाडली गेली. पेढी मात्र कंपनीच्या रूपात आजही मुंबईत आहे.

परदेशातल्या आपल्या मराठी मंडळात मराठवाड्यातली, त्यातही हिंगोलीकडची बरीच घरं आहेत. त्यांच्यासाठी हा इतिहास मला मुद्दाम सांगावासा वाटतो. आम्हीही कमाई गढीतच घालतो आहोत. पुण्यात एक फ्लॅट, मग दुसरा, त्याला कुलूप. परदेशस्थ भारतीयांना भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आली तर ठेवता येते. त्यामुळे पैसा आपसूक शहरातल्या घरांकडे वळतो. हिंगोलीत त्यातला रुपयाही मुरत नाही.

स्कॉट व्यापाऱ्यांनी मुंबई घडवली, असं मी म्हणणार नाही. पहिली यशस्वी कापडगिरणी कावसजी दावर या पारशी गृहस्थाने १८५४ मध्ये उभारायला घेतली, आणि गिरण्या चालवल्या त्या कोकणातून, घाटावरून आलेल्या माणसांनी. शिवाय हा सगळा व्यापार साम्राज्याच्या आश्रयाने झाला, आणि शेतकऱ्याच्या पदरात काय पडलं ते आपल्याला ठाऊक आहे. तरी त्या स्कॉट पेढ्यांचं खरं बळ ओळखायला हवं. त्यांचा एक पाय ब्रिटनमध्ये होता, दुसरा मुंबईत. माल कुठे खपतो, कसा हवा, किती शुद्ध हवा, हे त्यांना दोन्हीकडून कळत होतं. ग्लासगोच्या फिनले कंपनीने त्याच बळावर मुंबईत गिरण्या चालवल्या. बेळगाव जिल्ह्यात गोकाकच्या धबधब्यापाशी घटप्रभेच्या पाण्यावर चालणारी सूतगिरणी काढण्यासाठी १८८५ मध्ये कंपनी स्थापन झाली, तिचा कारभार पुढे फोर्ब्सच्याच पेढीकडे आला. मुंबईपासून इतक्या लांब, नुसत्या पाण्याच्या आधारावर तिथे कामगारांची वस्ती वसली.

हिंगोलीत आमच्याकडेही पूर्णेचं पाणी आहे, येलदरी-सिद्धेश्वरचं. आणि हळद आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये हंगामात गाड्यांची रांग लागते. शेतकरी हळद काढतो, शिजवतो, उन्हात वाळवतो, ढोलात घालून पॉलिश करतो, आणि तिथे त्याचा हात थांबतो. दळणं, पाकिटं भरणं, हळदीतून कुरकुमिनचा अर्क काढणं, म्हणजे ज्यात खरा पैसा आहे ते बहुतांश काम जिल्ह्याबाहेर होतं. औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा उभी राहते आहे, तिचा मला मनापासून अभिमान आहे. पण वसमत, कळमनुरी, सेनगावच्या पोरांना गावात काम मिळायचं तर ते हळदीतूनच मिळेल.

कोणी म्हणेल, पैसे पाठवायचे तर संस्थेला देणगी द्या, धंदा कशाला? देणगी मीही देतो. पण देणगीने शाळेला पत्रे मिळतात, शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला पगार मिळत नाही. धंद्यात पैसा बुडू शकतो, हे खरं. म्हणूनच एकट्याने उडी घेऊ नये. जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, त्यांच्याकडून माल घेऊन तिथेच दळणारं छोटं युनिट दहा-बारा घरांनी मिळून उभं करावं.

आणि पैशाआधी द्यायची गोष्ट वेगळी आहे. इथे आयात होणाऱ्या मसाल्यात शिसं आणि कीटकनाशकांचे अंश तपासले जातात. मर्यादा ओलांडली की माल अडतो. वसमतच्या शेतकऱ्याला हे नियम वेळेवर सांगणारं आपलं माणूस इथे नाही. आपल्यात अन्न-तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करणारे आहेत, किराणा माल आणणारे आहेत, हिशेब तपासणारे आहेत. त्यांनी पुढच्या सभेच्या आधी कार्यकारिणीकडे नावं द्यावीत. नवी हळद मार्चपासून बाजारात येऊ लागते. त्याआधी निदान दोन गावांच्या हळदीचे नमुने इथे तपासून घेता येतील.